माझ्या आईची श्यामला

श्यामला,

काल दुपारी वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. मॅडमनी तुझा फोटो मोठा करून घेतला होता. आधार कार्डावरचाच असणार, कारण त्यात तू पोलीस चौकीत बसवल्यासारखी दिसतेस. झेंडूचा हार होता, उदबत्ती होती. चालता येणारे सगळे आजी-आजोबा आपापले आले, बाकीच्यांना आम्ही चाकांच्या खुर्च्यांवरून आणलं. कुलकर्णी सर काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "जन्मभर मी दुसऱ्यांना रागावलो. मला रागावण्याचा हक्क मी फक्त त्या बाईला दिला होता." एवढं बोलून ते रडायला लागले. त्यांच्या मुलीचा अपघात झाला तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "सुनंदा, तिच्याबरोबर सगळ्यात जास्त काम तू केलंस. बोल दोन शब्द."

मी घशाला हात लावून दाखवला. घसा बसलाय, अशी खूण केली. घसा चांगला ठणठणीत होता. खरं सांगू? त्या हार घातलेल्या फोटोकडे बघताना माझ्या मनात एकच गोष्ट आली. मी मेले तर सर असे उभे राहतील का?

तुला जाऊन तेरा दिवस झाले आणि मला अजून तुझा हेवा वाटतो. हे हॉलमध्ये चाळीस माणसांसमोर कसं बोलायचं? म्हणून इथे बसून तुलाच सांगतेय. तुला तसं ते ठाऊकच होतं म्हणा.

तू आलीस तेव्हा मला इथे चार वर्षं झाली होती. माझ्याकडे सहा महिन्यांच्या कोर्सचं सर्टिफिकेट होतं, त्यामुळे अंगावर पांढरा कोट होता आणि नातेवाईक मला सिस्टर म्हणायचे. तू तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिथून पुढे सगळं आयुष्य मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात गेलेलं. ते काम मिळेनासं झालं म्हणून विडी घरकुल वसाहतीतून दोन रिक्षा बदलून इथे आलीस. तुला निळा अ‍ॅप्रन मिळाला आणि नाव मिळालं मावशी. मॅडम मला म्हणाल्या, "हिला शिकव."

मी शिकवलं, श्यामला. मनापासून शिकवलं. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची. पोटरीखाली उशी अशी ठेवायची की टाच गादीला टेकणार नाही. अंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघायचं. उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. तू नुसती "हं, हं" करत ऐकायचीस. मला वाटायचं, हिच्या डोक्यात काही शिरत नाहीये. नोंदवहीत तू लिहायचीस ती मराठी अक्षरंसुद्धा तेलुगूसारखी गोल गोल असायची, आणि मी ती मॅडमना दाखवून हसले होते. हे तुला कधी कळलं नाही, असं मी धरून चालते.

महिनाभरात ते दाढीचं घडलं. कुलकर्णी सर जन्मभर शाळेत शिकवलेले, कुणाला दाढी करू द्यायचे नाहीत. हात थरथरायचे, स्वतः करता यायची नाही, तरी वस्तरा मागायचे. दर रविवारी माझं आणि त्यांचं भांडण ठरलेलं. त्या रविवारी तू त्यांच्या शेजारी जाऊन बसलीस आणि म्हणालीस, "सर, मी कधी कुणाची दाढी केली न्हाई बघा. मला जमतंय का न्हाई तुमी सांगा. चुकलं तर रागावा."

सरांनी तुझ्याकडे बघितलं. मग मान वर केली आणि शिकवायला लागले. "वरून खाली. घाई करायची नाही. हनुवटीपाशी कातडी ताणून धरायची." पंधरा मिनिटांत दाढी झाली. त्यांना विद्यार्थी मिळाला आणि तुला सर. मी दारात टॉवेल घेऊन उभी होते. युक्ती माझ्या लगेच लक्षात आली आणि तिथेच मला पहिल्यांदा जळजळलं. इतकी सोपी गोष्ट, आणि चार वर्षांत माझ्या डोक्यात आली नव्हती.

लोकांना वाटतं आमच्या कामात घाण काढायची असते, तेच अवघड असेल. तसं नसतं. घाणीची आठ दिवसांत सवय होते. नाकाला वास कळेनासा होतो. सवय होत नाही ती एकाच गोष्टीची. इथे रोज सकाळी नव्याने आपली निवड व्हायची असते. जिची दोन वर्षं कूस बदलली ती आजी डोळे उघडते आणि म्हणते, "तू नको, तिला पाठव." शाळेत खेळात आपल्याला कुणी घेतलं नाही की जसं व्हायचं तसंच होतं. वय पन्नाशीला आलेलं असतं, तरी तसंच होतं.

काल सगळ्यांनी तुला साधीभोळी ठरवून टाकलं. मला हसू आलं. तू कुठे साधी होतीस? कपाटातला मऊ टॉवेल तू बादलीच्या मागे लपवून ठेवायचीस, तुझ्या आज्यांसाठी. कुणी तुझ्या नावाने हाक मारली की मी जिथे असेन तिथून वळसा घालून जायचीस, आणि मुद्दाम हळू चालायचीस. मला दुसरी हाकही ऐकू यावी म्हणून. तुला जिंकायला आवडायचं. तुझी ही खोड कुणालाच माहीत नाही, फक्त मला माहीत आहे, आणि कालच्या सभेत एवढी एकच गोष्ट माझी होती.

पण हे सगळं आई येईपर्यंतचं. तोवर आपलं बरं चाललं होतं. तू शेंगाचटणी आणायचीस, मी भाकरी आणायचे, जिन्याच्या पायऱ्यांवर बसून खायचो.

माझा भाऊ दत्ता आईला घेऊन आला तो दिवस तुला आठवत असेल. आमचं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, त्याला कितीतरी वर्षं झाली. आईच्या डोक्यातून सगळं पुसत गेलं, पण ते जुनं घर तेवढं राहिलं. एके दुपारी केळीच्या बागेतून निघाली ती सरळ पाण्यात. "घरी चालले" म्हणत कमरेएवढ्या पाण्यात गेली. मासे धरणाऱ्या एका माणसाने ओढून काठावर आणली. दत्ताचा फोन आला तेव्हा तो रडत होता. "आक्का, माझ्यानं आता न्हाय व्हत. तू तितं म्हाताऱ्या मानसांचंच काम करतीस. आईचं कर की."

मी मॅडमकडे शब्द टाकला, आणि आईला खिडकीजवळची खाट मिळाली. आतून मला आनंद झाला होता, श्यामला. वाईट वाटत होतंच, पण आनंदही होता. वाटलं, आता सगळे बघतील. माझी आई, माझे हात, माझं शिक्षण. इथे तरी कुणाशी स्पर्धा नाही.

आठ दिवस नीट गेले. नवव्या दिवशी अंघोळीच्या वेळी तिला वाटलं मी तिचं लुगडं चोरतेय. ती ओरडली, माझ्या हाताला चावली. मी तिचं मनगट आवळलं आणि खेकसले, "गप बस! गप बस म्हणते ना!" ती खरंच गप बसली. लहान पोरीसारखी भिंतीला चिकटून. मी वळून बघितलं तर दारात तू बादली घेऊन उभी. तू आत आलीस. बादली खाली ठेवलीस, माझ्या हातातला तांब्या काढून घेतलास आणि आईच्या पायांवर हळूहळू पाणी घालायला लागलीस.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ड्यूटी बदलली. "आपल्या माणसाचं आपण करायचं नाही, सुनंदा. जीव जास्त अडकतो. आजपासून आईंना श्यामला बघेल."

मी तुला भांडी घासायच्या मोरीपाशी गाठलं. "तू सांगितलंस?"

"न्हाई."

"मग मॅडमना कसं कळलं?"

"मला काय म्हाईत? मी न्हाई सांगितले."

मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. नंतर कितीतरी वेळा वाटलं की पुन्हा विचारावं, पण विचारलं असतं तर मनगटाचा विषय निघाला असता. तो विषय मला नको होता. म्हणून ते तसंच राहिलं. आजही मला माहीत नाही. तू सांगितलं असतंस तरी बरोबरच होतं, हे आज मी म्हणू शकते. तेव्हा म्हणू शकत नव्हते.

पंधरा दिवसांत आई तुझी झाली. दुसरा शब्द मला सापडत नाही. तू सकाळी आलीस की तिचे डोळे दाराकडून हलायचे नाहीत. तू ताट घेऊन आलीस की तुमच्या भाषेत, भात खाल्लास का म्हणून विचारायचीस, "बुव्वा तिन्नावा, अम्मा?" आणि माझी आई, जिला भाकरी हा शब्द आठवेना, नातवांची नावं आठवेनात, ती ऐंशीच्या घरात तेलुगू शिकली. "बुव्वा," म्हणायची. "बुव्वा दे." मी भाताचं ताट नेलं की मात्र तोंड मिटून घ्यायची.

मी कारणं शोधत राहिले. तुझ्या बोटांना तंबाखूचा वास होता, कितीही साबण लावला तरी जायचा नाही. आईने जन्मभर मिशरी लावलेली, ती मीच सोडायला लावली. म्हणून तिला तू आवडतेस, असं मी ठरवलं. वासामुळे. हे बाकीच्या बायकांना सांगितलंसुद्धा. तुझ्या कानावर आलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तू माझ्याशेजारी पायरीवर बसलीस ती डबा न उघडता.

"माझ्या हाताला वास हाय म्हणून तुझी आई माझ्याकडे जेवती, असं म्हणालीस?"

"म्हणाले. मग काय चुकलं? श्यामला, ती माझी आई आहे."

"ते मला म्हाईत न्हाई व्हय? मी काय तिला घरी घेऊन चाललेय?"

"ती मला ओळखत नाही आणि तुला पोरगी म्हणते. तुला कसं वाटलं असतं?"

तू डब्याच्या झाकणावर बोट फिरवत बसलीस. मग म्हणालीस, "सुनंदा, तुला काय कमी हाय गं? तुझी आई तुला शाळेत घातली. करमाळ्याला होस्टेलला ठेवली. सर्टिफिकेट हाय, पांढरा कोट हाय, मॅडम तुला विचारून गोळ्या देती. माझी आई मला सूप दिली मांडीवर, धा वर्साची असताना. जवळ घेऊन बसली असं एकदा पण आठवत न्हाई मला. आता एक म्हातारी मला पोरगी म्हणायलीय. एवढं एक असू दे की मला."

किती साधं मागणं होतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "दुसऱ्याची आई म्हणजे मंडईतली भाजी आहे का, उचलली आणि पिशवीत टाकली?"

तू उठलीस. चार दिवस आपण बोललो नाही. चटणी तू कुलकर्णी सरांना देऊन टाकलीस.

तुझा खोकला आधीपासूनच होता. उन्हाळ्यात वाढला. जिना चढलीस की कठड्याला धरून उभी राहायचीस. मला ते दिसत होतं. ज्याने कोर्स केलाय त्याला ते दिसायलाच हवं. मी तुला म्हणायला हवं होतं, "चल, डॉक्टरांकडे जाऊ." ते न म्हणता मी मॅडमच्या खोलीत गेले. म्हणाले, "श्यामलाला दोन महिने खोकला आहे. टीबी असेल तर? आजी-आजोबांना लागण झाली तर नातेवाईकांना काय उत्तर देणार?"

एक शब्दही खोटा नव्हता. नियमानेच सांगितलं. कोर्समध्ये शिकवलेलं तेच मी बोलले, आणि बोलताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त माझ्या आईची खाट होती, जिच्याजवळ तू नसशील.

मॅडमनी तुला एक्सरे काढायला सांगितला आणि रिपोर्ट येईपर्यंत खोल्यांमध्ये जायला बंदी केली. तुला मागच्या शेडमध्ये चादरी धुवायला, घड्या घालायला ठेवलं. आईची ड्यूटी मला मिळाली. मागून घेतली म्हण.

आई तीन दिवस जेवली नाही. वरण-भात केला, दुधात भाकरी कुस्करली, केळं दिलं. ओठ घट्ट मिटलेले. "मी सुनंदा आहे, आई. तुझी सुनी." ती माझ्या पांढऱ्या कोटाकडे बघायची आणि म्हणायची, "बाई, माझ्या पोरीला बलवा की. ती कुटं गेली?" तिसऱ्या दिवशी तिचं बीपी उतरलं. मी नोंदवहीत आकडा लिहिला आणि शेडकडे गेले.

तू तोंडाला पदर बांधून चादरींच्या घड्या घालत होतीस. मला बघून थांबली नाहीस.

"तू सांगितलीस ना मॅडमला?"

"हो."

"माझ्यासाठी सांगितलीस का तुझ्यासाठी?"

"आजी-आजोबांसाठी."

तू हसलीस. हसता हसता खोकला आला, तो थांबेना. मी पाणी दिलं. मग मी म्हटलं, "आई खात नाही. तू काय करतेस ते मला सांग."

तू सांगणार नाहीस असं मला वाटलं होतं. तुझ्या जागी मी असते तर सांगितलं नसतं. तू चादर बाजूला ठेवलीस आणि म्हणालीस, "समोर बसतीस ना तू, ताट धरून? समोर पोलीस बसतो. शेजारी बस. तिच्याकडे बघू नको. आधी तू खा एक घास, मग तिला दे. आणि ते खा-खा म्हणू नको. तो कोट काढ."

मी कोट काढला. शेजारी बसले. एक घास मी खाल्ला, एक तिला दिला. तिने खाल्ला. पाच-सहा घास खाल्ले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि विचारलं, "श्यामला का न्हाय आली?"

काय वाटलं ते काय सांगू? तोंडातला घास बाहेर थुंकावा असं वाटलं.

रिपोर्ट आला. टीबी नव्हता. डॉक्टर म्हणाले, याची लागण होत नाही. वर्षानुवर्षं तंबाखूची धूळ छातीत गेली, फुप्फुसं कडक झाली आहेत. औषधाने थोडा आराम पडेल, पण बरं होणार नाही. तू परत आईच्या खोलीत आलीस. मॅडमनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. "सुनंदाच्या लक्षात आलं म्हणून वेळेवर कळलं." तू मान हलवलीस. माझ्याकडे बघितलंस का, ते मी पाहिलं नाही, कारण मी खाली बघत होते.

नंतरचे सहा-सात महिने तू आलीस. जिना चढायला तुला दहा मिनिटं लागायची. शेवटी शेवटी आईला भरवताना तूच दमायचीस, आणि आई तुझ्या पाठीवरून हात फिरवायची. कोण कुणाला सांभाळतंय ते कळायचं नाही. मी खिडकीतून बघायचे आणि कामाला लागायचे.

तुला घरी बघायला मी एकदाच आले. बाहेर माग खटखटत होते. आत तुझी मुलगी रेणुका मशीनवर टॉवेलच्या कडा शिवत होती, तिने मशीन थांबवलं आणि चहा टाकायला उठली. तू ऑक्सिजनची नळी लावून पडली होतीस. मी सवयीने आधी तुझे पाय बघितले. टाचा लाल झाल्या होत्या. मी रेणुकाकडून उशी मागून घेतली आणि तुझ्या पोटरीखाली सरकवली. तू डोळे उघडलेस. "मला शिकवलीस ते," म्हणालीस, "आता माझ्यावर करायलीस."

मी तुझे पाय दाबत बसले. तुझ्या त्या अरुंद खोलीत, तुझ्यासाठी काही करताना, मला पहिल्यांदा बरं वाटत होतं. तेव्हाच माफी मागायची होती. मनगटाबद्दल, वासाबद्दल, मॅडमकडे गेले त्याबद्दल. शब्द जुळवत होते. तेवढ्यात तू विचारलंस, "तुझी आई जेवती का?"

"जेवते."

"माझं नाव काढती का?"

श्यामला, रोज काढत होती. तू यायची बंद झालीस त्या दिवसापासून रोज. सकाळी डोळे उघडल्यावर पहिला शब्द श्यामला. दाराशी कुणाची सावली पडली की श्यामला. एका दुपारी तर तुला शोधायला फाटकापर्यंत गेली होती, अनवाणी, तापलेल्या फरशीवरून.

मी म्हणाले, "नाही. विसरली ती. अशा म्हाताऱ्या माणसांचं तसंच असतं, तुला माहीतच आहे."

तू नजर छताकडे वळवलीस. "बरं झालं," म्हणालीस. "न्हाईतर तुला तरास." आणि भिंतीकडे तोंड केलंस. रेणुका चहा घेऊन आली. मी बशीत ओतून प्यायले. दोन घोटांच्या मध्ये खरं सांगता आलं असतं. रेणुका आत गेली असती की सांगता आलं असतं. निघताना दारात थांबून सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. पाच दिवसांनी तू गेलीस.

मरायला टेकलेल्या माणसाजवळ असं खोटं कुणी बोलतं का? मी बोलले. आईचं मनगट आवळलं तसं ते रागाच्या भरात झालेलं नव्हतं. शांतपणे, पाय दाबता दाबता बोलले. माझी आई एकदा तरी फक्त माझी असावी म्हणून बोलले, आणि तीही ज्या खोलीत ती नव्हतीच, त्या खोलीत. आता खरं सांगतेय तर तू नाहीस. तरी सांगते. तुला ती एक दिवसही विसरली नाही. एक दिवसही नाही.

आता आज सकाळचं सांगते.

आई पुन्हा तुला हाका मारत होती. तू यायची बंद झालीस तेव्हापासून मी तिला काहीबाही सांगतेय. श्यामला रजेवर गेलीय, श्यामला उद्या येईल, आई, मी सुनंदा. आज काय झालं मला कळत नाही. कालच्या सभेने असेल, रात्रभर झोप नव्हती त्याने असेल. मी कोट खुंटीला अडकवला, तिच्या शेजारी खाटेवर बसले आणि तुझ्यासारखं बोलले. "हितंच हाय की, अम्मा."

तिने माझा हात हातात घेतला. तळवा उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. मग दाराकडे बघत हळूच म्हणाली, "ती गेली न्हवं? पांढऱ्या डगल्यातली. लई खेकसती."

"गेली," मी म्हणाले.

"माझी सुनी तशी न्हाय." आई माझ्याजवळ सरकली. "तुला सांगितलं न्हवं त्या दिशी? गुऱ्हाळावर माझं दोनी हात भाजलं व्हतं. काकवी उडाली. म्हैनाभर हाताला फडकी. तवा सुनी नऊ-धा वर्साची. माझी येणी घालायची रोज. लई वाकडी घालायची. बाया हसायच्या मला पाण्याला जाताना. मी म्हनायची, हसा. माझ्या लेकीनं घातलीया."

माझ्या काही लक्षात नव्हतं, श्यामला. गुऱ्हाळ आठवतं, फडकी अंधुक आठवतात. वेणी नाही.

"मग तिला होस्टेलला घातली," आई म्हणाली. "वाटंला लावून आले आन् मी येणी सोडलीच न्हाय. आठ दिस तशीच ठिवली. तुझं आपलं बरं हाय, तू रोज येतीस. सुनीला सवड न्हाय. सोलापुरात मोट्या दवाखान्यात हाय ती. ती आली की तिला म्हनावं, जेवत जा. वाळलीया लई."

"म्हणते," मी म्हणाले. तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

"तू रोज म्हनतीस, म्हनते म्हनून. आन् सांगत न्हाईस तिला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. दीड वर्ष. दीड वर्ष ती तुला हे सांगत होती. मी खिडकीबाहेरून तुमची डोकी जवळ आलेली बघायचे, विचारायचे, काय बोलत होता गं दोघी? आणि तू म्हणायचीस, "काही न्हाई." ती तुला पोरगी म्हणायची, पण बोलायची माझ्याबद्दल. आणि तू ते सगळं ऐकून, पदराला बांधून, विडी घरकुलात घेऊन जायचीस. एकदा, फक्त एकदा जिन्यावर भाकरी खाताना म्हणाली असतीस, सुनंदा, तुझी आई तुझी आठवण काढती, तर मी मॅडमकडे गेले नसते. कदाचित गेले नसते. मला खात्री नाही.

मला तुझा इतका राग आला की मी उठून मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघितलं. आणि मग मला तू आठवलीस, डब्याच्या झाकणावर बोट फिरवणारी. एवढं एक असू दे की मला, म्हणणारी. तुला सांगवलं नसणार. सांगितलं असतंस तर तुझ्या वाट्याला काय उरलं असतं? मी तुझ्या जागी असते तर मीही सांगितलं नसतं. मी तर तुझ्या वाट्याचं तुला मरताना दिलं नाही.

परत आले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "आलीस व्हय गं, श्यामला?" मी हो म्हटलं आणि ताट जवळ ओढलं. ती सगळं जेवली. जेवता जेवता सुनीचं अजून एक सांगायला लागली, जुन्या गावातल्या नावेचं, मी नावेतून पाण्यात पडले त्याचं. अर्ध्यावर तिचा डोळा लागला.

मी तिचं तोंड पुसलं, कूस बदलली, नोंदवहीत लिहिलं. मॅडमना सांगितलंय की उद्यापासून आईची ड्यूटी मीच करणार, आणि कोट घालणार नाही. मॅडम नियमाचं काही बोलल्या नाहीत.

उद्या सकाळी मी पुन्हा तुझं नाव घेऊन तिच्या शेजारी बसणार आहे. त्या नावेचं पुढे काय झालं ते तुला माहीत असेल. मला माहीत नाही. तिने तुला जे जे सांगितलं, ते सगळं मला ऐकायचंय.